पानिपतची रणभूमी एकट्याने, एका दिवसात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिल्लीला कामासाठी किंवा फिरायला गेलेला मराठी माणूस एक दिवस मोकळा मिळाला की पानिपतचा विचार करतोच. अंतर जेमतेम ९० किलोमीटर, गाड्या भरपूर. तरी बरेच जण हिरमुसून परततात. तयारीशिवाय गेलं की हाती एक खांब आणि चार फोटो एवढंच लागतं. ते टाळता यावं म्हणून नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत.

पानिपतला नेमकं काय बघायला मिळतं?

मराठे आणि अहमदशाह अब्दाली यांच्यात १४ जानेवारी १७६१ ला झालेल्या तिसऱ्या युद्धाचं स्मारक म्हणजे काला अंब. ते शहराबाहेर सनौली रस्त्याच्या बाजूला आहे, शहरापासून साधारण ८ किलोमीटरवर. पहिल्या युद्धाच्या खुणा शहरातच आहेत: इब्राहिम लोदीची कबर आणि बाबराने बांधलेली काबुली बाग मशीद. त्याशिवाय बू अली शाह कलंदर यांचा दर्गा, देवी मंदिर आणि पानिपत संग्रहालय आहे.

किल्ला, तट, बुरूज, खंदक यांतलं काहीही नाही. रायगड-राजगड बघायची सवय असलेल्या डोळ्यांना इथे सपाट शेतं आणि वाढत चाललेलं शहर दिसतं. ही लढाई उघड्या मैदानावर झाली, त्यामुळे बघायचं असतं ते मैदानच. म्हणून जाण्याआधी तासभर तरी वाचन आणि नकाशा हवाच.

काला अंब म्हणजे काय? तिथे आंब्याचं झाड आहे का?

ते जुनं झाड आता नाही, फार पूर्वी वठून गेलं. युद्धात इतकं रक्त सांडलं की आंब्याचा रंग काळपट झाला, अशी लोककथा आहे आणि तिच्यावरूनच जागेला हे नाव पडलं. मराठी फौजेचे सेनापती भाऊसाहेब, म्हणजे सदाशिवरावभाऊ, शेवटी इथेच लढले, असं परंपरा सांगते.

आज झाडाच्या जागी लाल विटांचा खांब आहे. त्याच्या डोक्यावर लोखंडी दांडा, भोवती लोखंडी कुंपण आणि अंगावर इंग्रजी व उर्दू मजकूर. आकाराने तो फार मोठा नाही, लांबून पाहिला तर साधासुधा वाटतो. जवळ जाऊन मजकूर सावकाश वाचा आणि मग खांबाला पाठ करून चारी दिशांना बघा. या जागेचं मोल खांबाच्या उंचीवरून कळणार नाही.

मग हीच खरी रणभूमी का?

रणभूमीचा तो एक भाग आहे. मराठ्यांची फळीच काही किलोमीटर लांब होती. त्यात दिवसभराच्या हालचाली आणि संध्याकाळचा पाठलाग धरला, तर युद्धाने व्यापलेली जमीन स्मारकाच्या आवारापेक्षा कितीतरी मोठी होते. त्यातली बहुतेक आज शेतं, गावं, कारखाने आणि वस्त्या यांच्याखाली आहे. काला अंब ही परंपरेने जपलेली खूण आहे, सगळं युद्ध त्या कुंपणात झालं असं मानू नका.

कोणत्या महिन्यात जावं?

फेब्रुवारीचा पहिला आठवडा ते मार्चचा मध्य हा काळ सर्वांत चांगला. धुकं ओसरलेलं असतं, ऊन बोचत नाही आणि मोहरी फुललेली असते.

डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर दाट धुक्याचे दिवस. कित्येकदा सकाळी दहा-अकरापर्यंत शंभर पावलांपुढचं दिसत नाही. रेल्वेगाड्या तासन् तास उशिराने धावतात, काही गाड्या तर धुक्याच्या मोसमापुरत्या आधीच रद्द केलेल्या असतात. या दिवसांत जाणार असाल तर पहाटेची गाडी धरण्यात फायदा नाही. आठ-नऊच्या सुमारास निघा आणि शहरातली ठिकाणं आधी उरकून काला अंब दुपारी बारा ते तीनमध्ये बघा. धुक्यात महामार्गावर एकामागून एक गाड्या आदळण्याचे अपघात होतात, तेव्हा उशीर सोसून रेल्वेच घ्यावी.

ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हवेत धूर असतो. दमा असेल तर तो काळ सोडा. मे-जूनमध्ये पारा ४० च्या वर असतो आणि काला अंबला सावली बेताची, त्यामुळे त्या दिवसांत अकराच्या आत तिथून निघालं पाहिजे. पावसाळ्यात घामाने जीव नकोसा होतो आणि शेताकडेच्या वाटा चिकट चिखलाच्या होतात.

१४ जानेवारीलाच जावं का?

त्या दिवशी काला अंबवर अभिवादनाचे कार्यक्रम असतात. महाराष्ट्रातून आणि हरियाणातून लोक येतात, पुढारी येतात, बंदोबस्त असतो. सोहळा अनुभवायचा असेल तर जरूर जा. शांतपणे जागा बघायची असेल तर दोन दिवस उलटू द्या. १३ तारखेला लोहडी असल्याने आदल्या संध्याकाळी बस आणि गाड्याही भरलेल्या असतात.

जाता जाता एक दुरुस्ती. युद्ध संक्रांतीच्या दिवशी झालं, असं सर्रास सांगतात. १४ जानेवारी १७६१ ला वार बुधवार होता आणि तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. संक्रांतीची इंग्रजी तारीख दर ७२ वर्षांनी साधारण एक दिवस पुढे सरकते. त्या हिशोबाने १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास, म्हणजे युद्धाच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

दिल्लीहून कसं जायचं?

रेल्वे सर्वांत सोयीची. पानिपत जंक्शन दिल्ली-अंबाला मार्गावर आहे, दिल्लीपासून ८९ किलोमीटर. जलद गाडीला सव्वा तासाच्या आसपास लागतो, सगळीकडे थांबणाऱ्या लोकलला दोन तास किंवा थोडं जास्त. नरेला, सोनिपत, गनौर, समालखा अशी स्टेशनं मागे पडली की पानिपत येतं.

चुका होतात त्या तिकिटात आणि स्टेशनात. गाड्या नवी दिल्ली, जुनी दिल्ली (तिकिटावर नुसतं 'दिल्ली जंक्शन'), सब्जी मंडी, निजामुद्दीन अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून सुटतात. आपली गाडी कुठून सुटते ते आदल्या रात्रीच बघून ठेवा, सकाळी स्टेशन बदलायला वेळ उरत नाही. दुसरं म्हणजे, १९९ किलोमीटरपर्यंतचं अनारक्षित तिकीट काढल्यापासून तीन तासांत किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत प्रवास सुरू करावा लागतो. आदल्या दिवशी काढून ठेवलेलं तिकीट चालत नाही. शिवाय लोकलचं साधं तिकीट घेऊन एक्स्प्रेसच्या डब्यात चढलात तर दंड होतो. खिडकीवर गाडीचं नाव सांगूनच तिकीट मागा.

बस कश्मीरी गेटच्या आंतरराज्य बसस्थानकातून मिळते. शेजारीच मेट्रो स्टेशन आहे. करनाल, अंबाला, चंडीगडकडे जाणारी बहुतेक प्रत्येक बस पानिपतवरून जाते, पण शहरात शिरतेच असं नाही. महामार्ग पानिपतला लांबलचक उड्डाणपुलावरून जातो आणि लांब पल्ल्याच्या गाड्या वरून निघून जातात. चढण्याआधी वाहकाला विचारा, 'पानिपत शहर में उतारोगे, या सिवाह के नए बस अड्डे पर?' सिवाह शहराच्या दक्षिणेला आहे. तिथे उतरलात तर पुढे रिक्षा लागेल, हे धरून चला.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनीही तो उड्डाणपूल लक्षात ठेवावा. चुकून वर चढलात तर पार शहरापलीकडे उतरता आणि उलटं यावं लागतं. पानिपत जवळ आलं की खालच्या रस्त्यानेच चला. सनौली रस्ता शहरातून पूर्वेकडे फुटतो.

महाराष्ट्रातून थेट गाडी आहे का?

पुण्याहून झेलम एक्स्प्रेस आणि मुंबईहून पश्चिम एक्स्प्रेस पानिपतमार्गे जातात. पण त्यांच्या वेळेवर दिवसभराचा कार्यक्रम बांधू नका. एवढ्या लांबून येणारी गाडी दोन-तीन तास उशिरा आली की अर्धा दिवस गेलाच. दिल्लीत मुक्काम करून सकाळी ताजंतवानं निघालेलं बरं.

स्टेशनवरून काला अंबला कसं पोहोचायचं?

ऑटो किंवा ई-रिक्षा. सनौली रस्त्याने जाणाऱ्या सामायिक रिक्षा असतात, पण त्या मुख्य रस्त्यावर सोडतात आणि परतताना तिथे रिक्षा मिळेलच याची हमी नसते. एकट्या माणसाला आम्ही जाण्या-येण्याची पूर्ण रिक्षा ठरवायला सांगतो. बोलणी करताना तीन गोष्टी स्पष्ट करा: जाऊन-येऊन किती, थांबण्याचा वेळ किती (दीड तास सांगा), आणि पैसे परत आणून सोडल्यावर. अर्धे पैसे आधी मागितले तर दुसरी रिक्षा बघा. रिक्षाचा क्रमांक आणि चालकाचा फोन नंबर घेऊन ठेवा, तो चहाला गेला तर हाक मारायला उपयोगी पडतो.

सर्वांत मोठा घोटाळा नावाचा. हिमाचल प्रदेशात, हरियाणाच्या सीमेला लागून, काला अंब याच नावाचं औद्योगिक गाव आहे. पानिपतपासून ते शंभर किलोमीटरहून जास्त उत्तरेला आहे. नकाशात नुसतं 'काला अंब' टाकलं की बहुधा तेच पुढे येतं, आणि भाड्याची गाडी ॲपवरून ठरवली तर चालकही तिकडचा रस्ता धरतो. शोधताना 'काला अंब, पानिपत' असं टाका, दाखवलेलं अंतर बघा. शहरातून दहा किलोमीटरपेक्षा जास्त दिसलं तर ठिकाण चुकलं आहे. तोंडी सांगताना 'काला अंब पार्क, सनौली रोड' म्हणा.

दिवसाचा क्रम कसा ठेवावा?

धुकं नसेल तर साडेसहा-सातच्या गाडीने निघून साडेआठ-नऊला पानिपत. नाश्ता स्टेशनाच्या आसपास उरकून थेट काला अंब, तिथे दीड तास. साडेअकराच्या सुमारास शहरात परत, काबुली बाग मशिदीला पाऊण तास, लोदीच्या कबरीला वीस-पंचवीस मिनिटं. जेवणानंतर दर्गा आणि देवी मंदिर किंवा संग्रहालय. साडेचारला स्टेशनात. थंडीत सूर्य पावणेसहाला मावळतो आणि लगेच गारठा पडतो.

सगळंच एका दिवसात बसवायचा हट्ट नको. वेळ कमी पडला तर शहरातलं एखादं ठिकाण गाळा, काला अंबचा दीड तास मात्र कापू नका.

काला अंबला उभं राहून बघायचं काय? दीड तास करायचं काय?

आधी दिशा पक्क्या करा. फोनमधलं होकायंत्र उघडा. पश्चिमेला पानिपत शहर, पूर्वेला यमुना, दक्षिणेला दिल्ली. आता दक्षिणेकडे, किंचित आग्नेयेला तोंड करून उभे राहा. त्या सकाळी मराठी फौजेचं तोंड साधारण असंच होतं.

इथेच बहुतेकांचा पहिला गोंधळ होतो. अब्दाली अफगाणिस्तानातून, म्हणजे वायव्येकडून आलेला. मग मराठे दक्षिणेकडे तोंड करून का लढले? कारण ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी पानिपतच्या उत्तरेला असलेलं कुंजपुरा जिंकलं, तेव्हा अब्दाली यमुनेपलीकडे दुआबात, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखात होता. मराठे उत्तरेला गुंतलेले असताना त्याने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. दिल्लीची, पर्यायाने दक्षिणेची वाट तुटली. पुढचे अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर तळ देऊन होत्या. डिसेंबरात मराठ्यांचे सरदार बळवंतराव मेहेंदळे आणि रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले पडले, रसद आटली, माणसं-जनावरं उपाशी मरू लागली. तेव्हा १४ जानेवारीच्या सकाळची हालचाल ही कोंडी फोडून दिल्लीकडे वाट काढण्याची होती. तोंड दक्षिणेला करून उभं राहिलं की हे पायाखालून कळतं, नुसत्या वाचनाने तितकं कळत नाही.

आता डावा हात पूर्वेकडे पसरा. त्या बाजूला इब्राहिमखान गारदी होता, कवायती पायदळ (हेच गारदी) आणि तोफखाना घेऊन, त्याच्या जोडीला दमाजी गायकवाड आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांचं घोडदळ. समोर, मध्यावर, सदाशिवरावभाऊ आणि पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव. उजवा हात पश्चिमेकडे, शहराच्या बाजूला पसरा: तिकडे जनकोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर. पलीकडच्या फळीत गारद्यांसमोर रोहिले (अब्दालीला मिळालेले रोहिलखंडातले पठाण), मध्यावर अब्दालीचा वजीर शाहवलीखान, आणि शिंदे-होळकरांसमोर अवधचा नवाब शुजाउद्दौला, रोहिला सरदार नजीबखान व अफगाण सरदार शाहपसंदखान.

फळी डोळ्यांसमोर उभी राहिली की दिवस क्रमाने आठवा. सकाळी गारद्यांच्या शिस्तबद्ध माऱ्याने रोहिल्यांची फळी फाटली. पण शेजारचं घोडदळ उतावीळपणे पुढे घुसलं आणि आपल्याच तोफांच्या तोंडासमोर आलं. तोफा थांबवाव्या लागल्या, घोडदळ बंदुकांच्या माऱ्यात सापडून मागे हटलं आणि गारदी उघडे पडले. मध्यावर भाऊंच्या हल्ल्याने वजिराची फळी मोडकळीला आली होती. दुपारी अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज पुढे काढली. उंटांच्या पाठीवरच्या हलक्या तोफा, जंबुरके, हव्या तिथे फिरवता येत होत्या. मराठ्यांच्या जड तोफा जागच्या हलत नव्हत्या. दोन-तीनच्या सुमारास विश्वासराव गोळी लागून पडले. त्यानंतर तासा-दीड तासात फौज फुटली, संध्याकाळी पाठलाग आणि कत्तल सुरू झाली.

एक गोष्ट प्रत्यक्ष करून बघा. थंडीच्या दिवसांत दुपारी दोननंतर दक्षिण-नैऋत्येकडे तोंड करून पाच मिनिटं थांबा. सूर्य खाली असतो आणि सरळ डोळ्यांवर येतो. पोटात अन्न नाही, सकाळपासून पाणी नाही आणि समोर हे ऊन, एवढं मनात धरून मैदानाकडे बघा.

पहिल्या दोन युद्धांचं काय बघायचं?

पहिलं युद्ध २१ एप्रिल १५२६ चं. इब्राहिम लोदी इथे लढताना मारला गेला. रणांगणावर पडलेला तो दिल्लीचा एकमेव सुलतान. त्याची कबर तहसील कार्यालयाजवळ आहे: बारीक लाखोरी विटांचा चौथरा, चढायला पायऱ्या, वर घुमट नाही. आधी माहीत नसेल तर समोरून निघून जाल, म्हणून विचारत जा. इंग्रजी अमलात तिची डागडुजी होऊन उर्दू लेख बसवला गेला.

काबुली बाग मशीद बाबराने विजयानंतर बांधली, साधारण १५२७ मध्ये. भारतात उरलेल्या अगदी सुरुवातीच्या मुघल इमारतींपैकी ती एक. मधला मोठा घुमट आणि बाजूचे कमानीदार खण निवांत बघा. बांधकाम विटांचं आहे, दरवाजात तांबडा दगड वापरला आहे. वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तिपाई लावून फोटो काढायचे तर खात्याची आधी परवानगी लागते.

दुसरं युद्ध ५ नोव्हेंबर १५५६ चं, हेमू विरुद्ध अकबराची फौज. हेमूच्या डोळ्यात बाण लागला आणि जिंकत आलेली लढाई फिरली. या युद्धाचं बघण्यासारखं फारसं काही एका दिवसाच्या फेरीत बसत नाही.

सगळी युद्धं पानिपतलाच का?

दिल्लीकडे वायव्येहून येणारा जुना हमरस्ता इथून जातो. एका अंगाला यमुना, दुसऱ्या अंगाला कमी पाण्याचा मुलूख, आणि मध्ये घोडदळाला व तोफांना सोयीची सपाट जमीन. दिल्ली इथून काही मजलांवर. शहर वाचवायचं तर शत्रूला यापुढे येऊ देणं परवडत नसे.

पानिपत संग्रहालय बघावं का?

वेळ असेल तर बघावं. ते काला अंबच्या आवारात नाही, वेगळ्या ठिकाणी आहे, तेव्हा दोन्ही एकाच फेरीत होतील असं समजू नका. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात. सोमवारी जाणार असाल तर संग्रहालय धरूच नका, इतर दिवशीही रिक्षात बसण्याआधी स्थानिक माणसाला विचारून घ्या.

तिथे माहिती सांगणारा वाटाड्या मिळतो का?

मिळेल असं धरून जाऊ नका. रिक्षाचालक गोष्टी सांगतात, त्या प्रेमाने ऐका, पण तारखा-नावं आपली आपण आणा. कागदावर हाताने काढलेला फळीचा नकाशा न्या. फोन उन्हात दिसत नाही आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते.

एकट्या बाईने जावं का?

दिवसाउजेडी जरूर जावं. काही खबरदारी मात्र घ्यावी. लोकलमध्ये महिलांचा डबा धरावा. काला अंबला फार सकाळी किंवा संध्याकाळी आवार निर्मनुष्य असू शकतं, म्हणून अकरा ते तीन ही वेळ बरी. रिक्षा थांबवून ठेवावी आणि चालकाच्या देखत घरी फोन करून रिक्षाचा क्रमांक सांगावा. मदतीसाठी ११२, रेल्वेत १३९. स्वच्छतागृह स्टेशनात किंवा महामार्गावरच्या चांगल्या ढाब्यावर वापरून घ्यावं, उद्यानातल्या सोयीवर विसंबू नये. शेतातल्या आडवाटेने एकटीने आत जाऊ नये, हे पुरुषांनाही तितकंच लागू आहे.

सोबत काय घ्यावं?

दोन लिटर पाणी, ओळखपत्र, सुट्टे पैसे (१०, २०, ५० च्या नोटा), जास्तीची बॅटरी, फोनमध्ये उतरवून ठेवलेला नकाशा. थंडीत एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, कारण सकाळी दात वाजतात आणि दुपारी घाम येतो. कानटोपी हवीच. मऊ तळव्याचे बंद बूट घाला, उसाच्या आणि गव्हाच्या बांधांवर चपला रुततात.

खाण्याचं काय?

पराठे, छोले, दही, लस्सी कुठेही मिळतं. गाडीने जात असाल तर वाटेत मुरथलचे पराठ्यांचे ढाबे आहेत, पण एका पराठ्यावर लोण्याचा गोळा असतो, दोन खाल्ले तर पुढे चालवणार नाही. काला अंबला मात्र जेवणाची सोय गृहीत धरू नका. पानिपतचं पचरंगा लोणचं प्रसिद्ध आहे. तेल पाझरतं, तेव्हा बरणी पिशवीत उभीच ठेवा.

आजूबाजूच्या शेतात जाऊन बघितलं तर चालतं का?

जमीन खाजगी आहे. मालकाला विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. जानेवारीत गहू वीतभर असतो, त्यातून चालू नका, बांधावरून चाला. नुकतं पाणी सोडलेलं असेल तर वरून कोरड्या दिसणाऱ्या मातीत पाय घोट्यापर्यंत जातो.

कुणी 'पानिपतची गोळी', 'जुनी तलवार' विकायला आणली तर घेऊ नका. बहुतेक वेळा ती बनावट असते, आणि खरी असली तर आणखी अडचण. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी, असा १८७८ चा निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायदा सांगतो. पुरावस्तूंच्या खरेदी-विक्रीवर १९७२ च्या कायद्याची बंधनं आहेत. स्वतः उकरणं तर दूरच ठेवा. मातीतली वस्तू जागची हलली की ती कुठे, कशी पडली होती, ही माहिती कायमची जाते.

फुलं, नारळ, माती नेण्याबद्दल काय?

फुलं वाहा, पण प्लॅस्टिकचं वेष्टन आणि दोरा परत आणा. चिमूटभर माती अनेक जण कपाळाला लावतात, त्यात वावगं काही नाही. पिशवी भरून माती नेऊ नका. कुंपणावर चढून फोटो काढू नका, खांबाच्या विटांवर नावं कोरू नका.

तिथे मराठी माणसं राहतात का?

पानिपत, करनाल, कुरुक्षेत्र या भागांत रोड समाज आहे. आपण युद्धातून वाचून इथेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज आहोत, अशी त्यांच्यातल्या अनेकांची श्रद्धा आहे आणि १४ जानेवारीच्या अभिवादनात ते आवर्जून असतात. अभ्यासकांत या दाव्यावर एकमत नाही. पण महाराष्ट्रातून आलात हे कळल्यावर कुणी घरी चहाला बोलावलं तर तिथे वाद घालायला बसू नका. भाषा हिंदी-हरियाणवी, मराठी समजेल अशी अपेक्षा नको.

त्याच दिवशी कुंजपुरा, कुरुक्षेत्र किंवा बुराडी जोडता येईल का?

रेल्वेने जाणाऱ्याला नाही. कुंजपुरा करनालच्या पलीकडे आहे, जाण्या-येण्यातच तीन तास जातात. कुरुक्षेत्र तर स्वतंत्र दिवस मागतं. गाडी असेल आणि पहाटे निघालात तर काला अंब व कुंजपुरा जमतं, मग शहरातलं सोडावं लागतं.

बुराडी दिल्लीतच, उत्तरेच्या टोकाला आहे. १० जानेवारी १७६० ला यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. पानिपतच्या वर्षभर आधीची ती घटना. आज तिथे दाट वस्ती आहे. पानिपतहून परतताना अंधारात घाट शोधत फिरण्यापेक्षा वेगळ्या सकाळी, उजेडात जा.

परतीची गाडी चुकली तर?

घाबरायचं कारण नाही. दिल्लीकडे संध्याकाळी बऱ्याच गाड्या असतात, फक्त पुढची गाडी दिल्लीच्या कुठल्या स्टेशनात जाते ते बघून चढा. तिकीट विशिष्ट गाडीचं आरक्षित असेल तर ते दुसऱ्या गाडीत चालत नाही, नवं अनारक्षित काढा. रेल्वेचा काहीच भरवसा वाटत नसेल तर कश्मीरी गेटची बस धरा. ती मात्र सातच्या आत धरलेली बरी, कारण रात्री दिल्लीच्या तोंडाशी मालमोटारींची रांग लागते आणि दोन तासांचा रस्ता साडेतीन तास घेतो.